गाडी लेट असेल तर बरं!

शाळेच्या फळ्यावर सुविचाराच्या जागी हमखास झळकणारी एक आर्या आहे. माणसाला चातुर्य कसं येतं याचे चार मार्ग तिने सांगितलेत आणि पहिला नंबर देशाटनाला दिलाय. उरलेले तीन म्हणजे पंडितांशी मैत्री, सभेतला वावर आणि ग्रंथांचं वाचन. मी या आर्येचा बारकाईने अभ्यास केला आहे. पंडित चहाच्या वेळेला आपण होऊन घरी येतात. सभा आमच्या डोंबिवलीत रोज संध्याकाळी कुठे ना कुठे चालू असते, आणि ती संपली तरी माईक चालू असतो. ग्रंथ उशाशी आहेत. म्हणजे चारांपैकी तीन विषयांत घरबसल्या पैकीच्या पैकी. एकूण ७५ टक्के. आमच्या वेळी एवढ्यात विशेष प्रावीण्य मिळायचं. तेव्हा देशाटनाचा पेपर कोरा ठेवला तरी चातुर्याला फारसा धोका नाही, असं माझं मत आहे.

पण लिहिणाऱ्या माणसाला लोक सोडत नाहीत. ‘हल्ली काही सुचत नाही’ एवढं म्हणायचा अवकाश, की समोरचा म्हणतो, “कुठेतरी फिरून या.” दाढ दुखते म्हणणाऱ्याला कोणी फिरून ये म्हणत नाही. ताळेबंद जुळत नाही म्हणणाऱ्या अकाउंटंटलाही म्हणत नाही. लेखकाच्या कल्पना मात्र डोंगरावर, समुद्रकाठी, गेला बाजार पाचगणीच्या टेबललँडवर पडलेल्या असतात, अशी सार्वत्रिक समजूत आहे. गेलं, वाकलं, उचलून आणलं! तत्त्वज्ञ कांट जन्मभर क्योनिग्सबर्ग या एका शहरात आणि त्याच्या पंचक्रोशीत राहिला. तिथून न हलता तो वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना भूगोल शिकवत होता. भूगोल! हा दाखला मी घरात दिला तेव्हा बायको म्हणाली, “त्यांचं लग्न झालं नसेल.” मी पुस्तक काढून पाहिलं. खरंच झालं नव्हतं.

प्रवासाशी माझं तात्त्विक भांडण नाही, तपशिलाचं आहे. पहाटे साडेतीनला मी उठतो तो पाणी प्यायला. त्या वेळी आंघोळ करून, गॅसचा कॉक पुन्हा पुन्हा तपासून, कुलूप ओढून बघून रिक्षात बसणं माझ्या शरीराला मंजूर नसतं. मग बॅगा. जाताना बंद होणारी बॅग येताना बंद होत नाही. मधल्या काळात तिच्यात काय वाढतं, हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. गाडीत त्या सीटखाली साखळीने बांधायच्या, किल्ली सुरक्षित जागी ठेवायची आणि उतरायचं स्टेशन जवळ आलं की ती सुरक्षित जागा शोधायची. परक्या बाथरूममध्ये ज्या नळावर लाल खूण असते त्यातून गार पाणी येतं आणि निळी असते त्यातून येतच नाही. एवढं सगळं सोसून घरी परतलं की शेजारी विचारतात, “कशी झाली ट्रिप?” याला ‘झाली एकदाची’ हे खरं उत्तर देता येत नाही. फोटो दाखवावे लागतात.

कोणी म्हणेल, डोंबिवलीच्या माणसाने प्रवासाला नाकं मुरडावीत? अहो, लोकल म्हणजे काय प्रवास आहे? तिथे बॅग भरावी लागत नाही, खिडकीतून काही बघायचं नसतं आणि कोणी अनुभव विचारत नाही. नोकरीची सगळी वर्षं मी डोंबिवली ते व्ही. टी. असा उभा गेलो आणि त्या उभ्या अवस्थेत माझं बरंचसं लेखन झालं. लोकलमध्ये भजनं होतात, मटार सोलून होतात, भिशी निघते, सोयरिकी जुळतात. एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने मी विनोदी लेख लिहिला तर त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. दोन माणसांच्या मध्ये घट्ट बसलेला असल्यामुळे तोल जायची भीतीही नव्हती.

खरा प्रवास याहून वेगळा. पण तो चुकत नाही. लग्नं असतात, मुंजी असतात, कुलदैवतं लांबच्या डोंगरावर असतात आणि बायकोला फिरायची आवड असते. तेव्हा जायचंच आहे तर लिहिणं तरी चालू ठेवावं, असा मी निर्धार केला आणि तयारीला लागलो.

भाच्याने चामडी बांधणीची, दोरी गुंडाळायची एक वही भेट दिली होती. ती घेतली. अशा वहीची अडचण अशी की तिच्यात लिहायची छाती होत नाही. इतक्या देखण्या पानावर ‘इस्त्री : ६ शर्ट, १ चादर’ असं लिहिणं शोभत नाही, आणि प्रवासात मला तेवढंच सुचतं. शिवाय शाईचं पेन. विमान वर चढायला लागलं की केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, पेनाच्या टाकीतली हवा पसरते आणि शाईला बाहेर ढकलते. टाकी काठोकाठ भरलेली हवी, नाहीतर साफ रिकामी. अर्धी असली की घात. ही सगळी माहिती मला शेजारच्या सीटवरच्या शाळकरी मुलाने दिली. माझा खिसा तोवर निळा झाला होता. “अंकल, बॉइल्स लॉ,” तो म्हणाला आणि पुन्हा चिप्स खायला लागला.

एसटीत तर लिहिण्याचा विषयच नको. चिपळूण-कराड गाडी कुंभार्ली घाट चढायला लागली की कानाच्या आतलं यंत्र मेंदूला कळवतं, आपण हललो, वळलो, कलंडलो. डोळे वहीला चिकटलेले असतात, ते म्हणतात, छे, सगळं जागच्या जागी आहे. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळेनात की मेंदू निकाल पोटावर सोपवतो. डोळे बाहेर लावले तर लिहिता येत नाही आणि वहीला लावले तर लिहिलेलं वाचण्याच्या स्थितीत आपण राहत नाही. एसटीत आमदारांसाठी जागा राखीव असते, पत्रकारांसाठी असते. आमदार एसटीने आलेले मी पाहिले नाहीत, पण कधी आलेच तर त्यांना उभं राहावं लागू नये ही काळजी घेतलेली आहे. कथा-कादंबरीवाल्यांसाठी काही नाही. त्यांनी मागच्या चाकावर बसून, प्रत्येक खड्ड्याला हातभर वर उडत मराठी साहित्यात भर घालावी अशी अपेक्षा आहे.

राहता राहिली रेल्वे. रेल्वेत छान लिहून होतं असं मी ऐकून होतो. विदर्भात एका लग्नाला निघालो असताना मी वही उघडली आणि दोन ओळी लिहिल्या. समोरचे गृहस्थ बराच वेळ निरखत होते. ते पुढे झुकून म्हणाले, “लिहून घ्या ना जी, पंखा बंद हाये.”

“काय?”

“पंखा. कवाचा बंद हाये. अन् नळाले पानी नाही, थे बी लिहा.”

मी एक हलकाफुलका लेख लिहीत होतो. पण इतक्या आशेने बघणाऱ्या माणसाला ते सांगणं बरं दिसेना. मी पंखा लिहिला. मग पलीकडच्या ताईंनी चार्जिंगचा प्लग लिहायला सांगितला. वरच्या बर्थवरून एक हात खाली आला, त्या हाताने उशीची तक्रार केली. शेजारच्या कप्प्यातून एक आजोबा खास उठून आले आणि त्यांनी १९८४ सालापासूनची सगळी गाऱ्हाणी सांगितली. मला रांग लावावी लागली. तेवढ्यात टीसी आले. त्यांनी वही पाहिली, रांग पाहिली आणि आवाज खाली आणून विचारलं, “साहेब, आपण?” मी म्हणालो, “लेखक.” त्यांना ते लेखापरीक्षक ऐकू आलं असावं. पुढच्या जंक्शनला इलेक्ट्रिशियन चढला. माझ्या लेखनाचा समाजावर झालेला हा पहिला दृश्य परिणाम. पंखा अकोल्यापर्यंत फिरत होता.

आमचे साडू मात्र जातिवंत प्रवासी. त्यांनी काय काय पाहिलं याच्या याद्या त्यांच्याकडे तयार असतात आणि काय काय राहिलं याच्याही. त्यांच्याबरोबर महाबळेश्वरला जाणं म्हणजे सकाळपासून टॅक्सीत बसून पॉइंट वाजवत सुटणं. आर्थर झाला, एल्फिन्स्टन झाला, लॉडविक झाला. एका पॉइंटवर आपण दरी बघत असतो तेव्हा साडू घड्याळ बघत असतात. “चला लेखकराव, आता तुमच्या माणसाचा पॉइंट,” असं म्हणून त्यांनी मला केट्स पॉइंटला नेलं. इंग्रज कवी कीट्स इथे येऊन कविता करायचा अशी त्यांची समजूत होती आणि टॅक्सीवाल्याने तिला दुजोरा दिला होता. हे नाव गव्हर्नर माल्कमसाहेबांच्या केट नावाच्या मुलीवरून पडलं असं सांगतात. मी ते बोलून दाखवल्यावर साडू म्हणाले, “असेना का. आलोय तर एक कविता करून टाका, तोवर आम्ही मक्याचं कणीस खातो.”

कणीस संपलं. कविता झाली नाही. याचं कारण मला तिथे उभं राहून समजलं. समोर कृष्णेचं खोरं पसरलेलं, धोम धरणाचं पाणी चमकतंय, ऊन-सावलीचा खेळ चालू आहे. सगळं इतकं नेटकं मांडलेलं, की त्यात माझी गरजच नव्हती. सुंदर दृश्यावर माणूस ‘वा!’ म्हणतो आणि तिथे वाङ्मय संपतं. विनोदी लेखकाची तर आणखीच पंचाईत. त्याला काहीतरी खुपावं लागतं. सूर्यास्तात खुपण्यासारखं काय असतं? सूर्यास्त बघायला आलेली माणसं असतात, पण त्यांच्याबद्दल लिहिलं तर पुढच्या ट्रिपला टॅक्सीचे पैसे कोणाबरोबर वाटून घ्यायचे?

त्यात १९६० साली पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ आलं आणि आम्हा पुढच्यांची कायमची गोची झाली. ग्रुपमध्ये कोणीतरी लिहितो असं कळलं की बसमधले एक काका उठून येणारच. “तुम्ही पण असं पु.लं.सारखं एक लिहून टाका की.” जणू बस थांबली की उतरून लिहायचं आणि हॉर्न वाजला की परत बसायचं. सहलीच्या शेवटच्या रात्री निरोप समारंभ असतो. त्यात सहप्रवाशांवर चारोळ्या करायचं काम माझ्याकडे येतं. पटवर्धनकाकूंच्या स्वेटरवर चार ओळी, जोशीबुवांच्या घोरण्यावर चार ओळी, टूर मॅनेजरच्या शिट्टीवर चार ओळी. माझ्या साहित्यकृतींत इतकी दाद दुसऱ्या कशालाही मिळालेली नाही, हे नाइलाजाने नोंदवतो.

मग एका कविमित्राने सांगितलं, तू चुकीच्या प्रकारचा प्रवास करतोयस. लेखकाने एकट्याने निवांत जागी जाऊन राहावं. त्याने वेंगुर्ल्याजवळच्या एका घराचा पत्ता दिला. पुढे माड, मागे माड, अंगणात झोपाळा, पाच मिनिटांवर समुद्र. मी झोपाळ्यावर बसलो, वहीची दोरी सोडली. घरच्या काकी आल्या.

“दुपारच्याक काय करू? बांगडो की सुरमय?”

“काहीही चालेल, काकी.”

“काहीही नाय. आत्ताच सांगा. मागीर बाजारात काय गावाचा नाय.”

मी बांगडा सांगितला. वहीकडे वळलो. काकी पुन्हा आल्या. तळलेला की तिखल्याचा? भाकरी की चपाती? सोलकढी आंबट की बेताची? जेवण झाल्यावर मला झोप लागणार हे ओघानं आलंच. उठलो तर काकी समोर. “रातीक काय करू?” तिथल्या मुक्कामात माझी विचारशक्ती पूर्ण वेळ राबत होती, पण ती मासळीत गुंतलेली होती. बाकी शांतता एवढी, की पंखा बंद केला तर आपण श्वास घेतोय हे ऐकू यायचं. डोंबिवलीत खाली रिक्षावाल्यांचं भांडण चालू असलं की त्या भांडणाकडे दुर्लक्ष करता करता लेख होतो. इथे दुर्लक्ष करायलाच काही नव्हतं. मी बाहेर माडांकडे बघत बसलो आणि नारळ कधी पडतो याची वाट पाहिली.

वहीचं पुढचं पान कोरं ठेवून परत निघालो. आणि परतीच्या गाडीत ती गोष्ट घडली, म्हणजे काही घडलं नाही. गाडी दिवाणखवटीला थांबली. रोह्याहून थेट मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत जाणारा कोकण रेल्वेचा हा ७४१ किलोमीटरचा मार्ग बहुतेक एकेरी आहे. समोरून मानाची गाडी येत असली की आपल्या गाडीने बाजूच्या रुळावर उभं राहून तिला वाट द्यायची. याला क्रॉसिंग म्हणतात. बाहेर धो धो पाऊस. मोबाइलला रेंज नव्हती. डब्यातल्या सगळ्यांनी धबधब्यांचे व्हिडिओ काढून झाले होते, आणलेला खाऊ संपला होता, ‘केव्हा सुटणार?’ हे विचारूनही झालं होतं. करण्यासारखं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. आणि मला काकी दिसायला लागल्या. बांगडो की सुरमय! मी खिसे चाचपले, बिल सापडलं, त्याच्या पाठीमागे लिहायला लागलो. बिल भरलं, तिकिटाच्या प्रिंटआउटची मागची बाजू भरली. क्रॉसिंगची गाडी धडधडत गेली, आमची सुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी एकटाच हळहळलो. शेवटचा परिच्छेद व्हायचा होता.

नाही म्हणायला माझी या विषयातली उपपत्ती त्या दिवशी तयार झाली. प्रवासात सुचतं ते प्रवास बंद पडल्यावर. बाहेर काय दिसतं याचा त्यात काही वाटा नसतो. ज्याला प्रवासाची हौस आहे तो गाडी थांबली की प्लॅटफॉर्मवर उतरतो, वडा कुठे मिळतो ते शोधतो, गार्डला माहिती विचारतो. ज्याला प्रवास आवडत नाही तो जागेवर बसून राहतो. आणि लिहिण्यासाठी लागणारं पहिलं कौशल्य जागेवर बसून राहणं हेच आहे.

एवढ्या एका क्रॉसिंगवरून सिद्धांत मांडला तर लोक हसतील, म्हणून मी थोरामोठ्यांचे दाखले गोळा केले. अर्थात घरी बसून. १९१२ च्या मार्चमध्ये रवींद्रनाथ टागोर विलायतेला जायला निघणार होते. ऐन निघायच्या वेळी आजारी पडले. डॉक्टरांनी जाऊ दिलं नाही. ते पद्मेकाठी शिलाईदहला जाऊन पडून राहिले, आणि दुसरं काही झेपत नाही म्हणून आपल्या बंगाली कवितांचा इंग्रजी अनुवाद करत बसले. तीच इंग्रजी ‘गीतांजली’. ठरल्याप्रमाणे बोट पकडली असती तर डेकवर कोणीतरी नक्की म्हणालं असतं, “गुरुदेव, तो बघा डॉल्फिन!” पुढे बरे होऊन ते खरोखरच निघाले आणि प्रवासाने आपला गुण दाखवलाच. ते हस्तलिखित ज्या बॅगेत होतं ती बॅग लंडनच्या भुयारी रेल्वेत चिरंजीव रथींद्रनाथांकडून विसरली. हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत ती सापडली, म्हणून १९१३ चं नोबेल भारतात आलं. घरून न निघता जे कमावलं, ते निघाल्यावर जवळजवळ गमावलं होतं. प्रवासाची याहून नेमकी वर्तणूक-नोंद मला माहीत नाही.

गांधीजींचं उदाहरण तर मी बायकोपुढे ठेवायला लागलो आहे. १९०९ च्या नोव्हेंबरात ते लंडनहून दक्षिण आफ्रिकेला ‘किल्डोनन कॅसल’ नावाच्या बोटीने चालले होते. चारही बाजूंना पाणी. पॉइंट नाहीत, खरेदी नाही, साडू नाहीत. त्यांनी बोटीचेच कागद घेतले आणि दहा दिवसांत गुजरातीत ‘हिंद स्वराज’ लिहून काढलं. उजवा हात दुखायला लागला तेव्हा डाव्या हाताने लिहिलं. (हॉटेलातले लेटरपॅड घरी आणण्यावरून मला बोलणी बसतात. यापुढे बसू नयेत.) आणि या पुस्तकात अख्खं एक प्रकरण कशाविरुद्ध आहे? रेल्वेविरुद्ध! माणसं इतक्या वेगाने इकडून तिकडे जाणं चांगलं नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. प्रवास नावडणाऱ्यांचा असा जाहीरनामा दुसरा नाही. ते लिहिणाऱ्यालाच पुढे तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून सगळा हिंदुस्थान पालथा घालावा लागला, हा भाग मी बायकोला सांगत नाही.

शास्त्रज्ञ रामन यांच्याबद्दल मला आधी थोडी धास्ती होती. १९२१ साली विलायतेहून परतताना ते ‘नारकुंडा’ बोटीच्या डेकवर उभे राहून भूमध्य समुद्राची निळाई बघत होते, म्हणजे चक्क दृश्य बघत होते. माझी उपपत्ती बुडते की काय? पण खोलात गेल्यावर जीव भांड्यात पडला. समुद्राचा निळा रंग हे आकाशाचं प्रतिबिंब आहे असं लॉर्ड रॅले सांगून गेले होते आणि रामनना ते पटत नव्हतं. म्हणजे सहप्रवासी ‘वा!’ म्हणत होते तेव्हा हा माणूस ‘छे!’ म्हणत होता. खिशातला लोलक काढून त्यांनी पाण्यावरचं प्रतिबिंब वगळलं आणि तरीही पाणी निळंच दिसतं हे पाहिलं. बोट मुंबई बंदरात लागेपर्यंत ‘नेचर’ला पाठवायचा मजकूर तयार होता. तिथून सुरू झालेली वाट १९२८ च्या रामन परिणामापर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत गेली. त्याच १९३० साली त्यांचा १९ वर्षांचा पुतण्या चंद्रशेखर मुंबईहून बोटीने विलायतेला निघाला आणि म्हाताऱ्या ताऱ्यांनी किती वजन पेलावं याचं गणित वाटेत करत बसला. त्या गणितासाठी नोबेल मिळालं १९८३ मध्ये. काका-पुतण्यांनी विमानाने प्रवास केला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला झोप लागत नाही. फार तर दोघांनी एकेक सिनेमा बघितला असता.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर १९९० साली मँचेस्टरहून लंडनला जाणारी एक गाडी रखडली आणि तिच्यात बसलेल्या जे. के. रोलिंग यांना हॅरी पॉटर सुचला. त्यांच्याकडे चालणारं पेन नव्हतं आणि परक्याकडे मागायला संकोच वाटत होता. आपल्याकडची गाडी असती तर पेन मिळालं असतं, पण त्याबरोबर पंख्याची तक्रारही लिहावी लागली असती. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने लिहिलं, साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात. तुरुंगाला मी प्रवास म्हणणार नाही, पण घराबाहेर राहणं आहे, आणि तिथे कोणी साइटसीइंगला नेत नाही.

यातला माझा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, एवढ्या साध्या हिशेबाने ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले. साल वाचूनच आपल्या पोटात गोळा येतो. त्यांना झाशीचा वेढा बघावा लागला, लुटालूट बघावी लागली, जीव मुठीत धरून पळावं लागलं. मिळवलेलं बरंचसं वाटेत गेलं, आणि एवढ्यातून त्यांनी आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र घरी आणली. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिलं ते घरी आल्यावर पंचवीसेक वर्षांनी, आणि छापून आलं १९०७ साली. ‘ट्रिपवरून आलात ना, मग परवापर्यंत दीड हजार शब्द द्या’ म्हणणाऱ्या संपादकांना मी ही तारीख ऐकवतो. ते म्हणतात, “बरं, तेरवापर्यंत द्या.”

संपादकांचंही बरोबर आहे. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखकाला भर पावसाळ्यात, छत्री गळत असताना, दिवाळीसाठी विनोदी लिहावं लागतं. इथे कोकण रेल्वे माझ्या मदतीला आली. पावसाळ्यात तिचं वेगळं वेळापत्रक असतं. दरडींची भीती, निसरडे रूळ, म्हणून गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. अधिकृत, छापील, वेळापत्रकात बसवलेला संथपणा! शिवाय ९० हून अधिक बोगदे. बोगद्यात खिडकीबाहेर काही दिसत नाही आणि फोन लागत नाही. एकट्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरमध्ये एक परिच्छेद होतो. दिवाळी अंकाची मुदत आणि पावसाळी वेळापत्रक एकाच काळात यावं, यात मला ईश्वरी योजना दिसते.

म्हणून हल्ली जुलै उजाडला की मी दिवा-सावंतवाडीचं तिकीट काढतो. ती बहुतेक सगळ्या स्टेशनांवर थांबते आणि स्टेशन नसलं तरी थांबू शकते. लांब पल्ल्याची गाडी असेल तर अप्पर बर्थ मागून घेतो. भारतात लेखकासाठी याहून चांगली अभ्यासिका नाही. तिथून खिडकी दिसत नाही, ताठ बसता येत नाही, कोणी तुम्हाला ‘जरा सरका’ म्हणत नाही. पालथं पडून लिहायचं. खालचा बर्थ एखाद्या आजींना देऊन टाकायचा. त्या उतरेपर्यंत आशीर्वाद देतात आणि मधूनमधून वर लाडू पाठवतात. सावंतवाडीला उतरायचं, चहा प्यायचा आणि मिळेल त्या गाडीने परत. तिथे बघायला राजवाडा आहे, लाकडी खेळणी आहेत, मोती तलाव आहे असं म्हणतात. असेल.

या पद्धतीला मोठा धोका निर्माण झाला तो २०२५ च्या फेब्रुवारीत. दिल्लीच्या ९८ व्या साहित्य संमेलनासाठी पुण्याहून खास रेल्वे निघाली आणि धावत्या गाडीतच साहित्यिकांचं संमेलन भरलं. ही बातमी वाचून मला घाम फुटला. प्रत्येक कप्प्यात कवी! अप्पर बर्थवर कवी! डुलकी लागावी तर खालून ‘इर्शाद’! आणि दिल्ली येईपर्यंत उतरता येत नाही. म्हणजे आर्येतले देशाटन, पंडित आणि सभा हे तिन्ही मार्ग एका डब्यात कोंबलेले, आणि ग्रंथ बहुधा सप्रेम भेट म्हणून हातात. कोणी येता का विचारायच्या आत मी कंबर दुखत असल्याचं चार जणांना सांगून टाकलं.

घरात मात्र माझ्या या पावसाळी वाऱ्यांचा भलताच अर्थ लावला गेला. परवा बायको साडूंशी फोनवर बोलताना ऐकलं, “ह्यांना हल्ली प्रवासाची एवढी गोडी लागलीय, की आपले आपण तिकिटं काढतात.” संध्याकाळी साडू यादी घेऊनच आले. युरोप. नऊ देश, बारा दिवस. त्यांच्या रकान्यांवरून नजर फिरवली. रिकामा असा एकही नव्हता. आल्प्सच्या समोर उभं राहायला पंचेचाळीस मिनिटं दिली होती आणि व्हेनिसला त्याहून कमी. मी कांटचं नाव काढणार होतो, पण त्याचा निकाल आधीच लागला होता.

“सगळं मस्त जमलंय,” साडू म्हणाले, “फक्त विमान थेट नाही. जाताना मध्ये एका विमानतळावर अख्खी रात्र काढावी लागणार आहे. तेवढं एक चालवून घ्या, लेखकराव.”

“आणि येताना?” मी विचारलं.

“येताना पण.”

“बघा ना,” बायको म्हणाली, “तुम्हाला त्रास होणार असेल तर आपण थोडे जास्त पैसे भरून थेट विमान—”

“अजिबात नको,” मी म्हणालो. “तिथे टेबलं असतात का, तेवढं विचारून घ्या.”